घारीची पहिली बाटली

४ फेब्रुवारी

वहिनीस साष्टांग नमस्कार.

(पाठ भरलीय म्हणून पालथा पडून लिहितोय, त्यामुळे नमस्कार आपोआप साष्टांग झाला. फुकटचं पुण्य.)

तू गेलीस आणि दादाने दुसऱ्याच दिवशी चहात मीठ घातलं. मी नाही हां डबे बदलले, त्याने स्वतःच्या हाताने घातलं आणि पिऊनही टाकला. शिलाई मशीनवर बसला की त्याचं चित्त जागेवर नसतं, आणि तू नसलीस की तो स्वतःच जागेवर नसतो.

तर मुद्दा. तुझ्या त्या डोंगरात फोन लागत नाही आणि बोगद्याची मोजमापं करणारी तू एकटीच, म्हणजे एप्रिलपर्यंत काही तू येत नाहीस. तेव्हा ठरल्याप्रमाणे पत्रं. आणि ठरल्याप्रमाणे प्रत्येक पत्रात एक थाप, एकच, जी समोरच्याने ओळखायची. चुकेल त्याच्याकडे तू आल्यावर भांडी.

तू सांगून गेलीस की तुझ्या रेसच्या गाडीला, आपल्या घारीला, नायट्रस गॅसचं किट घ्यायचंय, इंजिनाला वरचा जोर देणारं, चौकशी करून ठेव. केली. टायरच्या दुकानात दिवसभर माझ्याकडे येतात ते सगळे गाडीवालेच, एकेकाला चाक बदलता बदलता पिळून काढला. तीन प्रकार आहेत. कोरडं किट फक्त गॅस सोडतं, वरचं पेट्रोल गाडीच्या कॉम्प्युटरने आपलं आपण द्यायचं. ओलं किट गॅस आणि पेट्रोल दोन्ही एकाच नोझलमधून फवारतं. आणि तिसरं, वहिनी, तिसरं म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं नोझल, चार नळ्या चकाचक, शिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं असताना बटण दाबलं की बॉनेटमधून पांढरा फवारा! ते लावलं तर तो बेकरीवाला आपल्याला बघूनच गाडी मागे घेईल. मागच्या वेळी तू त्याच्याकडून नखभर हरलीस, मला अजून जेवण गोड लागत नाही.

माझं मत तिसऱ्याला. आणि या वेळी मला नुसतं चाकं पुसायला ठेवू नकोस. मलाही जमतं काहीतरी.

शेजारच्यांची मांजर तुझ्या रेसच्या बुटात व्याली. तीन पिल्लं. डोळे उघडलेत.

तुझा लाडका (हे खरं आहे)
पाचर


१२ फेब्रुवारी

चि. पाचर,

शेजाऱ्यांची ती मांजर नाही, बोका आहे. पुढच्या वेळी थाप मारण्याआधी शेपूट उचलून बघत जा.

किटचं ऐक. तिसरं नाही. पहिलं किट घेताना माणसाने लग्नाच्या वरातीसारखं वागू नये. आपल्या घारीचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याला वरचं पेट्रोल द्यायची अक्कल नाही, म्हणून कोरडंही नाही. ओलं किट, आणि जेट, म्हणजे गॅस मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी, सगळ्यात लहान, पन्नास घोड्यांची ताकद वाढवणारं. तुला नीट कळावं म्हणून सांगते. गॅस स्वतः जळत नाही. तो इंजिनात जादा ऑक्सिजन नेतो, म्हणून जादा पेट्रोल जळतं. पेट्रोल कमी पडलं की मग इंजिन स्वतःलाच जाळायला घेतं. पिस्टनला भोक पडतं, मेणबत्तीसारखं.

तुझ्याकडे कामं दिली ती ही. किट आण. डिकीत गॅसची बाटली पट्ट्यांनी घट्ट बसव, तोंड पुढे, लेबल वर. आतली नळी वाकडी असते, बाटली उलटी फिरली तर गॅस नुसता हवेसारखा येतो. एक स्विच असा लाव की ॲक्सिलरेटर तळाला टेकल्याशिवाय काही सुटणार नाही. रस्त्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंद. नेहमी. रेसच्या पट्टीवर गेल्यावरच उघडायचा.

इंजिनाला हात नाही. ते मी दोन हिवाळे कुडकुडत बांधलंय. तू माझा लाडका आहेस, पण पाचर, तुझ्यावर चाकं सोपवता येतात. इंजिन सोपवायचं म्हणजे भरवसा लागतो, आणि तू तर मुलखाचा चेष्टेखोर, तुझं खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते तुझ्या दादाला जन्मापासून कळलं नाही. राग मानू नकोस.

इथे ठीक आहे. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणताहेत, मधे बरोबर भेटले नाहीत तर माझी धडगत नाही. माझ्या खोलीत गरम पाण्याचा नळ आहे. जेवण बरं.

तुझ्या दादाला सांग, चहाचा डबा निळा.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

गरम पाण्याचा नळ! तू आंघोळीला किती दिवस दांडी मारतेस ते लपवायला एवढी मोठी थाप? पकडली. बरोबरी झाली.

राग मानला नाही. थोडा मानला. मग वडे खाल्ले आणि गेला.

किट आणलं. दुकानातले काका म्हणजे नमुना. काउंटरच्या मागे स्टुलावर बसून पेरू पुसावा तसं पितळी जेट पुसत होते. संवाद जसाच्या तसा देतो:

"पहिलंच किट?"

"हो."

"गाडी तुमची?"

"वहिनीची."

"वहिनींना माहितीय?"

"त्यांनीच पाठवलंय. ओलं, पन्नासचं."

"मग मघापासून त्या मोठ्या किटकडे कोण बघतंय?"

"मी."

"तुमची स्वतःची गाडी आली की या."

मी विचारलं, काका, हा म्हणे हसवणारा गॅस असतो, थोडा आमच्या दादाला दिला तर? तो हसतच नाही. तर म्हणाले, गाडीच्या गॅसमध्ये गंधक मिसळलेलं असतं, मुद्दाम, तुमच्यासारख्यांसाठीच. हुंगलंत तर ठसका लागून रडाल, वरून जीव गेला तर मला साक्षीला यावं लागेल. मग हळूच म्हणाले, "पोरा, चांगलं किट कुठलं माहितीय? संध्याकाळी ज्याच्यासकट गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येते ते." जाताना मला त्यांनी दुकानात कामाला या म्हणून आग्रह केला, मी विचार करून सांगतो म्हटलं.

पाकिटात पन्नासचं जेट आहे आणि पंचाहत्तरचंही. बाटली निळी आहे, वहिनी, अशी निळी की दादाने कापड सोडून पहिल्यांदा कशाला तरी हात लावून "वा" म्हटलं. बसवली. तोंड पुढे, लेबल वर. पन्नासचं जेट लावलं, स्विच लावला. इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही, बॉनेट उघडलं तेव्हा डोळे मिटले होते.

पाचर


२७ फेब्रुवारी

पाचर,

त्या काकांनी तुला कामाला बोलावलं? तू काउंटरवरून आत वाकलास तेव्हाच त्यांनी गल्ला ओढून घेतला असेल. पकडली.

काम छान झालंय असं दिसतं. स्विचची तार गरम भागापासून लांब नेलीस ना?

आता एक पुढचं काम. गॅससाठी ठिणगीचे प्लग एक पायरी थंड लागतात, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे. ते पाकीट माझ्या टेबलाच्या बाजूला आहे. जुने चार काढ, नवे चार लाव, जुने फेकून दे. प्लग बदलणं म्हणजे इंजिनाला हात लावणं नव्हे, दारावरची घंटा बदलण्यासारखं आहे. तरी हाताने सुरुवात कर, पाना शेवटी. आटे गेले तर माझा जीव जाईल.

इथे रेसचं मी कोणाला बोललेही नाही.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

कोणाला बोलले नाही म्हणे! तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. अख्ख्या बोगद्याला माहीत असणार. पकडली.

प्लग बदलले. हाताने, बाळाला अंगडं घालतात तसे. आता ऐक. जुने फेकायला नेले आणि सवयीने उजेडात धरून बघितले. मी काहीही फेकायच्या आधी बघतो, त्यामुळेच माझी खोली तशी आहे. पहिला, दुसरा, चौथा ठीक. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर, ते पांढरं चिनीमातीचं टोक असतं ना, त्याच्यावर बारीक ठिपके आहेत. मिरपूड उडाल्यासारखे. आणि त्यांतले दोन-तीन चमकतात. नखाने खरवडले तर निघत नाहीत. आमच्या दुकानात येणारा ट्रकवाला म्हणाला, चमकतात म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिसऱ्याला कुठेतरी पेट्रोल कमी पडतंय आणि आत ठोके बसताहेत. गॅस नसताना ही गत, मग गॅस दिला तर काय? तू सांग काय करायचं.

बाकी सगळं क्षेम. दादा बाटलीला अंगरखा शिवतोय. खरंच. रजई घालून, टाके घालून, पुढे बटणं. म्हणतो बाटलीला थंडी लागली की दाब कमी होतो, असं तू एकदा म्हणाली होतीस. चार बटणं लावून झाली, आता कॉलरचं चाललंय. तुझ्या खिडकीतल्या कुंड्यांना मी रोज सकाळी न चुकता पाणी घालतो. बेकरीवाल्याने गाडीला नवा रंग दिला, मलईचा.

पाचर


१३ मार्च

पाचर, पाचर!

काय नटसम्राटासारखं लिहितोस रे. "तू सांग काय करायचं." क्षणभर मी खरंच मानलं. मग आमच्या साहेबांनी मला एक चिठ्ठी आणून दिली, खालच्या ऑफिसात आलेल्या तुझ्या फोनची. "घरून निरोप. तिसऱ्याला ठिपके आलेत. डॉक्टरला दाखवायला सांगितलं आहे." तेव्हापासून कॅम्पमध्ये सगळ्या बायका मला विचारताहेत, तुला तीन मुलं कधी झाली? स्वयंपाकीणबाईंनी औषधी पाल्याची पुडी दिली. इतका हसण्याचा प्रकार मी आयुष्यात पाहिला नाही. पत्र पुरेना म्हणून फोनवरूनसुद्धा नाटक! पकडली. ठिपके. दादाचा अंगरखा मी मानते, तो तसा आहेच. कॉलरपण मानते.

आता खरं सांगते, इथे सगळ्यांना सांगितलंय. एका ट्रकभर लोक येणार आहेत बघायला. म्हणून मी विचार बदललाय. पन्नासचं काढ, पंचाहत्तरचं जेट लाव. बेकरीवाल्याला नखभर नाही, हातभर मागे टाकायचाय. मागच्या पानावर चित्र काढलंय, डिस्ट्रिब्युटर तेवढा जरासा फिरव, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल.

आणि बक्षीस. येत्या रविवारी पट्टीवर सराव आहे. तू चालव. गॅससकट, एक फेरी. दादाला सांगितलंस तर तो नको म्हणेल, म्हणून सांगू नकोस. इतके दिवस चाकं पुसलीस, एकदा आत बसून बघ पाठीला धक्का कसा लागतो तो.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

या पत्रात थाप नाही. तू म्हणशील हीच थाप. म्हणून पत्र वाचायच्या आधी पार्सल उघड. दादाच्या मोज्यात गुंडाळलंय. मोजा धुतलेला आहे.

तो तिसऱ्याचा प्लग आहे. तुझ्याकडे मोजमापाच्या यंत्राबरोबर भिंग असेल, त्याखाली धर आणि बघ.

मागच्या पत्रातली थाप कुंड्यांची होती. दोन सुकल्या. तुळस वाचेल असं दादा म्हणतो. मला वाटलं होतं तू ती पहिली पकडशील, मी आणि रोज सकाळी न चुकता! अंगरखा खरा, मलई खरी, ठिपके खरे.

फोनचं असं झालं. तातडीचं असेल तरच जोडतो म्हणाला तुमचा माणूस. मी म्हटलं तिसऱ्याला ठिपके आलेत. तो म्हणाला ताप आहे का? मी म्हटलं, ताप आत आहे, बाहेरून दिसत नाही. पुढे काही सुचेना. चूक माझीच. सरळ बोलायची सवय नसली की असं होतं.

रविवारी मी सरावाला गेलो होतो. घार नेली नाही. सायकलने गेलो. किल्ली खिशात होती, तुझं पत्रही खिशात होतं, दोन्हीवर हात फिरवत कुंपणाला टेकून उभा राहिलो. बेकरीवाला म्हणाला, "काय रे, मालकिणीने गाडी दिली नाही?" मी म्हटलं, दिली. तो म्हणाला, "मग?" मी म्हटलं, तुमची मलई बघायला आलो. बोललो खरा, पण खिशातली किल्ली सोडली नाही. त्याची गाडी सुटताना जो आवाज आला ना वहिनी, माझ्या अंगावर काटा.

पन्नासचं जेट आहे तसंच आहे. पंचाहत्तरचं लावलं नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवला नाही. पहिल्यांदा तुझं ऐकलं नाही आणि तेही तू मागेपुढे न बघता "हो" म्हणालीस तेव्हा. आता तूच सांग मी गाढव की शहाणा.

पाचर


२४ मार्च

पाचर,

भिंगाखाली धरला. मग बाहेर उन्हात नेऊन पुन्हा धरला. मग खोलीत येऊन खाटेवर बसले.

सात आहेत चमकणारे. तुला दोन-तीन दिसले.

पंचाहत्तरच्या गॅसवर ते इंजिन अर्धी पट्टीसुद्धा गेलं नसतं. आणि आत तू असतास. तुझ्या दादाला न सांगता. मी बक्षीस म्हणून दिलं होतं रे.

मी ते का मानलं नाही, ते सांगते. तू चेष्टेखोर आहेस म्हणून नाही. मला ते खरं असायला नको होतं म्हणून. ट्रकभर लोकांना सांगून बसले होते ना.

आता डोकं थंड ठेवून बघू. पेट्रोलचा दाब बघ. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला मीटर लागतो, लांब नळीचा, तो काकांकडे मिळेल. मीटर बाहेरून काचेवर चिकटवून गाडी पूर्ण जोरात पळवायची आणि काटा बघायचा. खाली बसला तर पंप किंवा फिल्टर. गॅस अजिबात नको. आणि प्लग पुन्हा काढून चारही सिलिंडरचा दाब मोज. यात इंजिनाला हात लागतो. लाव.

मी पन्नासवरच पळणार. किंवा गॅसशिवाय. तू सांगशील तसं.

वहिनी

ता. क. शहाणा.


२ एप्रिल

वहिनी,

ट्रकवाल्याने दाब मोजायचं यंत्र दिलं. पहिला, दुसरा, चौथा सारखे. तिसरा जरा खाली, पण काका म्हणाले चालतो, पिस्टन शाबूत आहे, नुसता चटका बसलाय.

मग काटा. गाडी पट्टीवर न्यायची होती आणि आता माझा प्रश्न असा की चालवू मी की काटा बघू मी? पूर्ण जोरात पळवताना समोरची पट्टी सोडून काट्याकडे बघितलं तर थेट कुंपणात. म्हणून दादाला चालवायला बसवलं. दादाला! गिअर बदलताना तो घारीची माफी मागतो. "जोरात दाब," म्हटलं. "दाबलंय," म्हणाला. "तळाला दाब!" "अरे, खाली काही नाजूक असेल!" शेवटी मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला, आणि दुसऱ्या फेरीला स्वतःहून म्हणाला, "परत एकदा बघून घेऊ, खात्री केलेली बरी." तिसऱ्या फेरीची काहीच गरज नव्हती.

काटा वरच्या गिअरमध्ये दगडासारखा खाली आला. फिल्टर उघडला तर आत तपकिरी गाळ. जुन्या टाकीचा गंज असणार. फिल्टर बदलला, टाकी धुतली, पंपही जुनाच होता तो बदलला. आता काटा हलत नाही. नवे प्लग पळवून काढून बघितले, बिस्किटासारखा रंग, एकही ठिपका नाही. चारही.

या पत्रात थाप घालायला विसरलो. सवय मोडतेय का काय?

अंगरख्याला कॉलर लागली. बाटली आता बँकेत नोकरीला जाईल.

पाचर


१९ एप्रिल

वहिनी,

रेस संपवून तुमचा ट्रक परत सुटताना खिडकीतून ओरडलीस, "लिही सगळं, का थांबवलंस ते लिही!" तेव्हा लिहितो. तू आत होतीस, मी बाहेरून काय बघितलं ते सांगतो.

पहिली फेरी तुला माहितीय. मी डिकीत वाकून व्हॉल्व्ह उघडला, बाटलीच्या दाबाचा काटा हिरव्यात, थोपटलं दोनदा छपरावर. तू सुटलीस आणि अर्ध्या पट्टीवर घारीने जी उडी घेतली, तुझे बोगद्यातले लोक बाकांवर चढले. दादा बसूनच राहिला, पण त्याच्या हातात टोपी होती तिचा त्याने पार बोळा केला. दुसरी फेरी तशीच. त्या फेरीत तुझ्याविरुद्ध पळालेला फुलवाला बिचारा अजून म्हणत असेल, कोण गेलं बाजूने.

मग फायनलच्या आधी त्या लाल गाडीने पट्टीवर ऑइल सांडलं आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. तू आत हेल्मेट घालून बसलेली, समोर बघत. बाजूला बेकरीवाला. ऊन असं की डिकीच्या पत्र्याला हात लावता येईना. पुसून पट्टी सुरू झाली, मी व्हॉल्व्ह उघडायला वाकलो आणि काटा बघितला. लालमध्ये. बाटली तापली होती, दाब चढला होता. म्हणजे गॅस जास्त जाणार आणि पेट्रोल तेवढंच. म्हणजे पुन्हा तेच, तिसरा पिस्टन, चटका बसलेला. दादाने अंगरखा ओरबाडून काढला, बटणं उडाली, आम्ही प्यायच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या ओतल्या, त्याने अंगातला शर्ट काढून ओला करून गुंडाळला. काटा जरा हलला. पण लालमध्येच. आणि झेंडेवाला बोलावतोय.

बेकरीवाल्याने काच खाली करून मला विचारलं, "झालं का तुमचं बाळंतपण?"

मी व्हॉल्व्ह उघडलाच नाही. पण तुझ्याकडचा गॅसचा स्विच चालू राहिला असता तर गॅसशिवाय नुसतं जादा पेट्रोल फवारलं गेलं असतं. पुढे पळत आलो आणि तुझ्यासमोर दोन्ही हात फुली मारल्यासारखे धरले. त्या एका क्षणात माझ्या मनात काय आलं सांगू? सकाळी मी तुझ्या हातमोज्यात गव्हाचं पीठ घातलं होतं. आणि त्याच माणसाने आता फायनलच्या रेषेवर येऊन हात हलवले, तर कोण कशाला ऐकेल? मी तोंड उघडून सांगायला जाणार, तेवढ्यात तुझा हात वर गेला, तू स्विच खाली पाडलेला मी बघितला, आणि दिवे सुरू झाले.

तू माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाहीस.

हरलीस. बॉनेटभर. तुझे लोक तरीही ओरडलेच. बेकरीवाला येऊन म्हणाला, "गॅस संपला का रे?" मी म्हटलं, नाही, भरलीय बाटली. त्याने डिकीत वाकून काटा बघितला. मग म्हणाला, "मी नसता बंद ठेवला." आणि जाऊन स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघत बसला.

घार स्वतःच्या चाकांवर घरी आली. दादाने चालवली, उघड्या अंगाने. वाटेत दोनदा म्हणाला, "छान झालं." काय छान झालं विचारलं तर म्हणाला, "सगळंच."

तू चिडली असशील तर तसं लिही. मी वाचीन.

पाचर


२६ एप्रिल

चि. पाचर,

चिडले नाही. हातमोजे काढले तेव्हा पिठाने माखलेले हात बघून चिडले होते, पण ते सकाळी.

रेषेवर काय झालं ते मीपण सांगते, कारण ते तुला बाहेरून दिसलं नसेल. तू पळत आलास, हात फुली केलेस. मी स्विच पाडला. नंतर, म्हणजे पट्टीच्या शेवटी गाडी थांबवल्यावर, माझ्या लक्षात आलं की हा खरं बोलतोय का हा प्रश्न मनात आलाच नव्हता. बाजूने मलईची गाडी पुढे गेली, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण जास्त करून पोट भरल्यासारखं वाटलं. का ते तिथे बसून कळेना, मग ट्रकमध्ये कळलं.

बोगद्याची दोन्ही टोकं काल भेटली. बरोबर भेटली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, मी खाली उतरवा म्हणून ओरडत होते. तुझ्या दादाला सांग, मजा आली असती बघायला.

आता काम. तिसऱ्या पिस्टनला चटका बसलाय हे आपल्याला माहीत आहे, किती बसलाय ते माहीत नाही. पावसाळ्यापर्यंत मी येत नाही. तेव्हा तू इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघड. सगळे बोल्ट एकदम नाही, बाहेरून आत, थोडे थोडे सैल. गॅसकेट नवं घे. पिस्टनच्या माथ्यावर बोट फिरव, कडेला जास्त. खड्डा लागला तर पिस्टन बदलायचा, गुळगुळीत लागला तर पुसून परत बसवायचा. ठरवायचं तू.

फोटो पाठवू नकोस. पिस्टन मोज्यात गुंडाळून पाठवू नकोस. दादाबद्दल हव्या तेवढ्या थापा मार. पिस्टनचं तू एक ओळ लिही. ती मला पुरेल.

वहिनी